शिबिर आटोपल्यानंतर

18 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले, तेव्हा साताऱ्यातील आमच्या विधी महाविद्यालयात आठवडाभर दुसऱ्या कोणत्याही विषयावर कोणी बोलत नव्हते. आदल्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले होते, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातील प्रकरणे आता कोल्हापुरात चालणार होती. या मागणीसाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ मोर्चे काढले, उपोषणे केली, कामकाजापासून अलिप्त राहून निषेध नोंदवला. सुरुवातीच्या सभांना गेलेल्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जण हा दिवस पाहायला राहिले नाहीत. वर्गात मी हा सारा इतिहास सांगत असताना पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, म्हणजे आमच्या जमिनीच्या अपिलासाठी वडिलांना आता मुंबईला जावं लागणार नाही?’ आजोबांनी लावलेला दावा वडिलांच्या वाट्याला आला होता, आणि त्याच दाव्यामुळे ती कायदा शिकायला आली होती.

साताऱ्याहून मुंबई सुमारे 250 किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे 120. माण किंवा खटाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला मुंबईच्या तारखेसाठी आदल्या रात्री निघावे लागत असे, मुक्कामाची सोय पाहावी लागत असे, आणि कित्येकदा प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, येऊनही सुनावणीची पाळी न आल्याने तसेच परतावे लागत असे. आता सकाळच्या एसटीने निघून, आपले प्रकरण पुकारले जाताना स्वतः पाहून, रात्री घरच्या जेवणाला परत येता येईल. आमच्यासारख्या महाविद्यालयाला या बदलाचा आणखी एक अर्थ आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप आवश्यक असते. मुंबईत राहण्याचा खर्च झेपणारी मुले उच्च न्यायालयातल्या वकिलांकडे जात आणि बाकीची साताऱ्यातच थांबत. दोघांच्या शिक्षणात पडणारे हे अंतर बुद्धीचे नव्हते, भाड्याच्या खोलीचे होते. कोल्हापूरमुळे ते सगळे मिटेल असे मी म्हणणार नाही, परंतु ते कमी होईल, एवढे निश्चित.

विधी महाविद्यालयाच्या बातम्या बाहेरच्या जगाला किरकोळ वाटतात. वक्तृत्व स्पर्धेतील पारितोषिक, एखाद्या न्यायाधीशांचे व्याख्यान, संविधान दिनाची फेरी, गावातले कायदेविषयक शिबिर, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन इंचांची बातमी व छायाचित्र. गेली काही वर्षे महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातील उपक्रमांचा भाग माझ्याकडे असतो. दुपारी न्यायालयातील कामे उरकून संध्याकाळी मी तो लिहायला बसतो, तेव्हा वर्षभरात काय काय घडले याचा पट समोर येतो, आणि या संस्थेत चाललेल्या कामातला नेमका कोणता भाग जतन करण्याजोगा आहे, हा प्रश्न दर वेळी अधिक टोकदार होतो.

अलीकडच्या काळातले सर्वांत मोठे शैक्षणिक काम अर्थातच नव्या फौजदारी कायद्यांचे होते. 1 जुलै 2024 पासून 1860 च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि 1872 च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. 511 कलमांची दंड संहिता 358 कलमांची झाली. खुनाचे 302 हे कलम 103 झाले, फसवणुकीचे 420 हे कलम 318 मध्ये गेले, पत्नी, मुले व आईवडिलांच्या पोटगीचे 125 हे कलम 144 झाले. ज्या आकड्यांवर आमच्या पिढीचा हात आपोआप जात होता, ते सगळे पुन्हा पाठ करावे लागले. विद्यार्थ्यांचे काम त्याहून अवघड आहे, कारण 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागू राहते आणि असे खटले जिल्हा न्यायालयात अजून वर्षानुवर्षे चालतील. म्हणून आज शिकणाऱ्या मुलांना दोन्ही कायदे यावे लागतात. शिक्षकांनी आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी मिळून जुन्या व नव्या कलमांचा तक्ता तयार केला, तो आता साताऱ्याच्या न्यायालयातील कनिष्ठ वकिलांच्या टेबलांवरही दिसतो. मला या तक्त्याचे अपार समाधान आहे.

आणखी एक बातमी मी अहवालात ठळक अक्षरांत घ्यायला लावली होती. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वकील म्हणून नोंदणी करताना राज्यांच्या बार कौन्सिलना 1961 च्या अधिवक्ता अधिनियमात ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही. हे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये आहे. त्यापूर्वी निरनिराळ्या नावांखाली राज्याराज्यांत हजारो रुपये भरावे लागत. पदवी हातात असूनही सनदेसाठी पैसे जमेपर्यंत एखाद्या दुकानात किंवा पतसंस्थेत नोकरी करणारी मुले-मुली मी पाहिलेली आहेत, आणि त्यांपैकी काही जण त्या नोकरीतून पुन्हा कधीच न्यायालयात आले नाहीत. गरिबीतून आलेल्या माणसाला या व्यवसायाच्या दारातच अडवणारी ही रक्कम दूर झाली, ही माझ्या मते त्या वर्षातली कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठी बातमी होती.

अभिरूप न्यायालयाविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांनी वकील होऊन चालवलेल्या सरावाच्या खटल्यांविषयी, मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण बाहेरच्यांना त्यात केवळ काळे कोट आणि पाठ केलेली भाषणे दिसतात. अंतिम वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याला तीन अभिरूप खटले चालवावे लागतात, एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष न्यायालयात बसून पाहावा लागतो, आणि वकील पक्षकाराशी कसा बोलतो, त्याची हकिकत कशी उतरवून घेतो, हेही टिपावे लागते. या साऱ्याला मिळून शंभर गुण असतात. एखादा मुलगा कॉलेजच्या सभागृहात उत्तम इंग्रजीत सर्वोच्च न्यायालयाचे दाखले देतो, आणि दुसऱ्याच दिवशी दिवाणी न्यायालयात बसल्यावर पाहतो की तिथे साक्ष मराठीत चालते, कैफियत मराठीत दाखल होते, आणि 1998 च्या अधिसूचनेपासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. म्हणून तीन अभिरूप खटल्यांपैकी निदान एक मराठीत चालवावा, असा माझा आग्रह असतो, आणि त्यासाठी मी तलाठ्याची उलटतपासणी असलेला दावा देतो. सातबाऱ्यावरील पीकपाहणी, इतर हक्कांतला बोजा, फेरफाराचा क्रमांक, पंचनामा, नकाशातली हद्द, बांधावरचे झाड, हे सगळे शब्द मुलांना घरी ऐकून ठाऊक असतात. कायद्याच्या वर्गात ते शब्द पहिल्यांदा भेटले की त्यांच्या बोलण्याला धार येते. इंग्रजीतल्या खटल्यात मागच्या बाकावर बसणारी कित्येक मुले या खटल्यात पुढे येतात. उच्च न्यायालयात इंग्रजी लागतेच आणि ती यावीच. पण पक्षकार जिच्यात रडतो आणि भांडतो, त्या भाषेत युक्तिवाद करता न येणारा वकील साताऱ्याच्या न्यायालयात अर्धाच वकील ठरतो.

नोव्हेंबर हा आमच्याकडे सर्वांत धावपळीचा महिना. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाने साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. शाळेच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकावर ती नोंद आहे, आणि 2017 पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 9 नोव्हेंबर हा राष्ट्रीय विधी सेवा दिवस, कारण 1987 चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1995 साली याच तारखेपासून अंमलात आला. 26 नोव्हेंबर हा संविधान दिन. नकळत जुळून आलेल्या या तीन तारखांत एक सलग अर्थ मला दिसतो. शाळेत वेगळे बसवला गेलेला मुलगा, त्याच्या देखरेखीखाली तयार झालेला संविधानाचा मसुदा, आणि त्या संविधानात 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेले 39-अ हे कलम, ज्यातून गरिबाला मोफत वकील देण्याचे राज्याचे कर्तव्य उभे राहिले. आमची मुले 7 तारखेला राजवाड्यावर जातात, 9 तारखेला एखाद्या गावात शिबिर घेतात आणि 26 तारखेला उद्देशिकेचे वाचन करतात.

या तीनपैकी मधल्या तारखेच्या कामाविषयी मला बरेच काही बोलायचे आहे.

अहवालातल्या तक्त्यात चार रकाने असतात. दिनांक, उपक्रमाचे नाव, प्रमुख पाहुणे आणि उपस्थितांची संख्या. व्याख्यान, स्पर्धा, फेरी हे सारे त्या रकान्यांत नेमके बसते, कारण ते ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी संपते. शिबिरही तसेच बसवले जाते. सरपंचांचे स्वागत, न्यायाधीशांचे मार्गदर्शन, विद्यार्थ्यांचे पथनाट्य, पत्रकांचे वाटप, आभार, चहा. पण शिबिरात आभार मानले गेल्यावर खुर्च्या आवरण्याच्या वेळी दोन-चार माणसे मागे थांबलेली असतात. सभेत त्यांनी हात वर केलेला नसतो. बहुधा त्या बायका असतात, कधी एखादा म्हातारा असतो, आणि पदराच्या गाठीतून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते एक घडी घातलेला कागद काढतात. त्या क्षणी सुरू होणाऱ्या कामाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

जावळी तालुक्यातल्या एका गावात अशाच एक बाई थांबल्या होत्या. वय साठीच्या आसपास, लग्न होऊन शेजारच्या खोऱ्यात दिलेल्या, वडील नुकतेच गेलेले. दोन भावांनी वारसनोंदीचा अर्ज केला होता आणि त्यात बहिणीचे नाव घातलेच नव्हते. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने मोबाईलवर सातबारा उघडून पाहिला, तर दोन्ही भावांची नावे लागलेली होती. तिने बाईंना सांगितले, ‘मावशी, तुमचं नाव यात नाही.’ बाई म्हणाल्या, ‘ते मला ठावं हाय. मला अर्धा गुंठाबी नको. पर माझ्या बापाची लेक मी न्हाई, असं कागदावर कुणी लिवलं, ते सांग.’ कायद्याच्या पुस्तकात वारसा हक्काचे अनेक सिद्धांत आहेत, परंतु या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मी फार थोड्या युक्तिवादांत ऐकला आहे.

आमच्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे. महाराष्ट्राने 1994 सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, मात्र त्या आधी लग्न झालेल्या मुलींना तो दिला नव्हता. 9 सप्टेंबर 2005 रोजी अंमलात आलेल्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद पुसला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुलीचा हक्क जन्माने येतो आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. इतका स्वच्छ कायदा असूनही वडिलांच्या दिवसकार्यानंतर किंवा भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. तिला कोणी धमकावत नाही. ‘माहेर तुटेल’ एवढे एकच वाक्य पुरते, आणि ते बहुतेक वेळा भाऊ उच्चारत नाही, स्वतः आईच उच्चारते. स्वखुशीने दिलेल्या हक्कसोडीला कायद्याची हरकत नाही. काय लिहिले आहे हे वाचून न दाखवता घेतलेली सही हा मात्र वेगळाच विषय आहे, आणि वारसाच्या यादीतून नावच गाळणे त्याहून वेगळा.

या ठिकाणी विद्यार्थ्याने काय करायचे? न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्याला नाही. अधिवक्ता अधिनियमानुसार तो केवळ सनदधारक वकिलाला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सनदेवाचून करता येण्याजोगे पुष्कळ असते. त्या विद्यार्थिनीने फेरफाराचा क्रमांक उतरवून घेतला, नोंद कोणत्या तारखेला प्रमाणित झाली ते शोधले, आणि नकलेचा अर्ज बाईंच्या नावाने लिहून त्यांना वाचून दाखवला. महसुली नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे 60 दिवसांची मुदत असते. बाईंच्या बाबतीत तिच्यातले थोडेच दिवस उरले होते. पुढच्या वर्षीच्या शिबिरात कोणी त्यांची विचारपूस केली असती, तर सहानुभूतीखेरीज त्यांना काहीही मिळाले नसते आणि आधी विलंबमाफीसाठी झगडावे लागले असते. त्याच आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज गेला. विधी सेवा अधिनियमाच्या 12 व्या कलमानुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, मुले, दिव्यांग, कोठडीत असलेले लोक, औद्योगिक कामगार, आपत्तीचे बळी यांनाही तो हक्क आहे. ही साधी गोष्ट शिबिरातल्या भाषणात सांगूनही बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, कारण भाषणाच्या वेळी तिची गरज पडलेली नसते.

प्राधिकरणाने वकील नेमला, अपील मुदतीत दाखल झाले, आणि काही महिन्यांनी नोंद फेरचौकशीसाठी परत पाठवली जाऊन बाईंचे नाव लागले. पण यातून त्या विद्यार्थिनीने आणि तिच्याबरोबर मीही जे नीट पाहिले, ते पुढचे होते. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही. मालकी आणि वाटणी दिवाणी न्यायालयाचा विषय. बाईंना भावांवर दावा लावायचा नव्हता. अशा वेळी दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचे, प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो व त्याविरुद्ध अपील चालत नाही. ऐकायला हे सोयीचे वाटते, परंतु अपील नाही याचाच अर्थ असा की त्या टेबलाशी बसण्यापूर्वी दुबळ्या पक्षाला सारे काही समजलेले असले पाहिजे. दोन भाऊ, चुलते, गावातला एक पुढारी आणि समोर एकटी बहीण, अशी तडजोड झाली तर घरातले हक्कसोडपत्रच न्यायालयाच्या शिक्क्यानिशी बाहेर येईल. म्हणून ती मुलगी आधी दोनदा बाईंच्या घरी गेली, मसुद्यातले प्रत्येक कलम त्यांच्या बोलीत समजावून सांगितले, आणि त्यांना काय हवे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. बाईंना घराशेजारचा वडिलांनी लावलेला आंब्याचा तुकडा हवा होता, आणि भावांच्या मुलांनी आपल्याला आत्या म्हणून हाक मारणे थांबवू नये असे त्यांना वाटत होते. दुसरी मागणी कोणत्याही निवाड्यात लिहिता येत नाही. तिने ती तरीही लिहून घेतली, आणि मला ते बरोबर वाटले.

साताऱ्यात न्यायाविषयी भाषण झाले की क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघतेच, आणि निघायलाही हवे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश आमच्या मातीतला, याचा अभिमान मलाही आहे. पण विधी महाविद्यालयाच्या मुलांपुढे मी हल्ली रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव अधिक घेतो. 1839 साली कंपनी सरकारने प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केले, तेव्हा त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला गेले आणि दशकाहून अधिक काळ तिथे राहून कंपनीच्या संचालकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे आपल्या धन्याची बाजू मांडत राहिले. मधल्या काळात 1847 साली प्रतापसिंह काशीला निवर्तले, 1848 साली सातारचे राज्यच खालसा झाले, पैसे संपले, तरी त्यांनी कागद खाली ठेवला नाही. ते प्रकरण ते हरले. तरीही वकिली म्हणजे काय हे मला त्यांच्या चरित्रातून जितके उमगले, तितके जिंकलेल्या खटल्यांतून उमगले नाही. निवाडा एका दिवशी होतो आणि इतिहासात त्याची तारीख राहते. पाठपुराव्याला तारीख नसते, म्हणून तो नजरेआड होतो.

अशी पाठपुराव्यावाचून थांबलेली प्रकरणे या जिल्ह्यात भरपूर आहेत. कोयना धरण होऊन साठ वर्षे झाली तरी विस्थापितांपैकी कितीतरी कुटुंबांचे जमीनवाटपाचे कागद पूर्ण झालेले नाहीत, आणि मूळ खातेदाराची तिसरी पिढी आता अर्ज घेऊन फिरते आहे. जिल्हा कारागृहात प्राधिकरणाच्या परवानगीने आमची मुले जातात, तेव्हा कच्च्या कैद्यांच्या तारखा तपासणे हे त्यांचे मुख्य काम असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमानुसार, फाशी किंवा जन्मठेपेला पात्र नसलेल्या गुन्ह्यात पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर तो जामिनाला पात्र होतो आणि तसा अर्ज करणे अधीक्षकांचे कर्तव्य आहे. त्याला अपवादही आहेत, पण कोणाचा किती काळ झाला हे कोणीतरी बोटांवर मोजल्याशिवाय हे कलम कोणाच्या उपयोगी पडत नाही.

विधी महाविद्यालयांनी गाव दत्तक घ्यावे, विद्यार्थ्यांनी तिथल्या कायदेविषयक अडचणींची पाहणी करावी, ही कल्पना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2011 च्या विनियमांतही आहे. आमच्याकडे ती राबवताना खरी अडचण वेगळीच येते. विद्यार्थी तीन किंवा पाच वर्षे असतो आणि जमिनीचा वाद त्याहून दीर्घायुषी असतो. जावळीतल्या त्या बाईंची विद्यार्थिनी उत्तीर्ण होऊन सांगलीला एका ज्येष्ठ वकिलांकडे रुजू झाली. तिच्या जाण्याने फाईल कपाटात राहिली असती तर तिच्यावर कोणी दोष ठेवला नसता. तिने स्वतःहून पहिल्या वर्षाच्या एका मुलाला सोबत नेऊन बाईंची ओळख करून दिली आणि ‘मावशी, आता हा येत जाईल’ असे सांगितले. मग आम्ही तेच नियमात बसवले. प्रत्येक प्रकरणाला एक वरिष्ठ आणि एक कनिष्ठ विद्यार्थी नेमायचा, वरिष्ठाने निरोप घेण्याआधी कनिष्ठाची पक्षकाराशी प्रत्यक्ष गाठ घालून द्यायची, आणि फाईलच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, मुदत केव्हा संपते ते आणि नेमलेल्या वकिलांचे नाव लिहायचे. अहवालाच्या तक्त्यात ‘पुढे काय झाले’ हा पाचवा रकाना प्राचार्यांच्या संमतीने या वर्षापासून घातला आहे. तो भरताना सुरुवातीला संकोच वाटला, कारण त्यात ‘प्रलंबित’ हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तरी तो आहे तसाच छापावा, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. छायाचित्रातल्या गर्दीपेक्षा पाच फायली प्रलंबित असल्याची कबुली हे महाविद्यालयाच्या कामाचे अधिक खरे वर्णन आहे, असे मला मनापासून वाटते.

जावळीच्या प्रकरणात लोकअदालतीतली तडजोड अजून व्हायची आहे. धाकटा भाऊ तयार आहे, थोरल्याची समजूत निघालेली नाही. नवा मुलगा महिन्यातून एकदा जातो.

यंदा एकाच मोठ्या शिबिराऐवजी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याच गावात बसायचे ठरले आहे, कारण त्या दिवशी न्यायालयाला सुट्टी असते आणि प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील सोबत येऊ शकतात. ग्रामपंचायतीने आपली खोली दिली आहे. दवंडीसाठी मुलांनी मजकूर लिहिला, त्यात पाहुण्यांचे नाव नाही. वेळ सकाळी दहा ते एक दिली आहे, 15100 हा मोफत विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक दिला आहे, आणि खाली लिहिले आहे की येताना सातबारा, फेरफाराची नक्कल, आलेली नोटीस आणि पूर्वी कशावर सही केली असल्यास तो कागद घेऊन यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवला जाईल.